वरून लिंपायचं की खोलून बसवायचं? जुन्या कॅम्परची गळती

पंधरा-वीस वर्षं जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपता-रांधता येईल अशी गाडी, केला असेल, तर कधी ना कधी ओट्यावर टपकन थेंब पडतो. मग दोन रस्ते दिसतात. पहिला म्हणजे सिलिकॉनची नळी घेऊन टपावर चढायचं आणि जिथे संशय येईल तिथे थापायचं. तासाभराचं काम. दुसऱ्यात गळणारा व्हेंट (टपावरचा हवेचा झरोका), कॅरियर किंवा काच खोलायची, खालचा पत्रा साफ करायचा आणि नव्याने बसवायचं. त्यात शनिवार-रविवार जातो, शेजाऱ्यांचे सल्ले वेगळे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बोल्ट-स्क्रूवर बसलेली वस्तू गळत असेल तर ती खोलाच. लिंपायचं फक्त पत्र्याच्या सांध्यांवर, कारण तिथे खोलण्यासारखं काही नसतं.

पण आधी ते पाणी पावसाचंच आहे का ते बघा. 1 किलो एलपीजी जळाला की त्यातून साधारण दीड किलो पाण्याची वाफ निघते. त्यात दोन माणसांचा रात्रभरचा श्वास मिळवा. खिडक्या बंद ठेवून झोपलात तर सकाळी पत्र्यावर आतून दव धरतं आणि ते अगदी गळतीसारखं ओघळतं. कोरड्या रात्रीही ओल दिसली तर टपाला दोष देऊ नका. नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनच आपोआप घुरघुरत असेल, तर बहुधा पाइपचा जोड पाझरतोय.

पावसाचं पाणी शोधायच्या दोन पद्धती आहेत. एकीत बाहेरून पाइपने पाणी सोडायचं आणि आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायचं. दुसरीत गाडी बंद करून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. दुसरी ऐकायला भारी वाटते, आणि घट्ट बांधणीच्या गाडीत ती खरंच छान चालते. जुन्या ट्रॅव्हलरच्या दारांतून आणि सरकत्या खिडक्यांतून मात्र इतकी हवा निसटते की सगळीकडेच बुडबुडे येतात. टपावरच्या एखाद्या व्हेंटपुरती ती वापरा, बाकी पाइपच बरा.

फक्त धार मंद ठेवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाने चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं आणि तुम्ही भलत्याच काचेमागे लागता. सुरुवात खालून करा: आधी दाराचा उंबरठा, मग खिडक्या, मग टपाच्या कडेची पन्हळ, शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. छताला आतून लावलेलं प्लाय काढलेलं असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे. माझ्या गाडीत थेंब मागे शेगडीवर पडायचा आणि भोक होतं पुढे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, कॅरियरच्या बोल्टपाशी. गाडी उतारावर मागे झुकून उभी असायची, त्यामुळे पाणी छताच्या कण्यावरून सरकत सरकत स्वयंपाकघरापर्यंत यायचं. मी दोन पावसाळे मागचा व्हेंट लिंपत होतो.

एक काम फुकटचं आहे. सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्टीत आणि दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती धूळ-पानांनी तुंबली की पाणी आत उलटतं. तारेने मोकळी करा. हीच भोकं गळतीची समजून सीलंटने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या दारांचे तळ पुढे गंजून गेले.

आता काय लावायचं. सिलिकॉन स्वस्त आहे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, न्हाणीघरात उत्तमही आहे. गाडीच्या पत्र्यावर मात्र मी ते लावणार नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज आणतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा पुसट थर मागे राहतो आणि त्यावर पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. आजचा तास वाचतो, पण पुढच्या वर्षी दोन दिवस घासत बसावं लागतं.

खोलून बसवण्यासाठी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. ती कधीच कडक होत नाही, म्हणून टप हादरला-तापला तरी ती सोबत हलते. व्हेंटच्या चौकटीखाली पट्टी ठेवायची, स्क्रू हळूहळू समान आवळायचे, बाहेर आलेला भाग कापायचा, आठवड्याने पुन्हा थोडं आवळायचं. तिच्यात पकड कमी, त्यामुळे स्क्रू हवेतच. मेच्या उन्हात ती जरा बाहेर येते आणि धूळ धरते. दिसायला वाईट, पण पाच वर्षांनी तोच व्हेंट पुन्हा खोलायचा झाला तर तुम्ही मला दुवा द्याल.

पन्हळीच्या सांध्याला पॉलियुरेथेन, म्हणजे काचवाले ज्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात ते. आधी जुनं सगळं खरवडायचं, गंज उजळ पत्र्यापर्यंत घासायचा, प्रायमर मारायचा, मग पीयूची रेघ. हवेतल्या दमटपणावर ते दिवसाला साधारण 3 मिलिमीटर खोलीपर्यंत पक्कं होतं. 300 मिलीच्या नळीत 6 मिलिमीटर जाडीची रेघ दहा मीटर जाते. दोन्ही बाजूंना बहुधा पुरते, तरी दोन नळ्या घ्या. उन्हात ते पांढुरकं पडून भुकटी सोडतं, म्हणून वरून रंग हवा. ॲक्रिलिकच्या खिडकीला ते लावू नका, तडे जातात. आणि पीयूने चिकटवलेली वस्तू पुन्हा काढायची तर सुरीने कापूनच निघते.

एम-सील आणि डांबर यांच्यावर फार शाई घालवत नाही. पहिलं कडक असल्याने हादऱ्यांनी तडकतं, दुसरं उन्हात वितळतं.

पुढची काच रबरात बसवलेली असेल आणि रबर कोपऱ्यांत आकसलं असेल, तर तिथे मात्र स्वतः हात घालू नका. काचवाल्याकडून नवं रबर बसवून घ्या आणि काच निघाली की चौकटीचा गंज स्वतः डोळ्यांनी बघा. ‘वरून पीयू मारून देतो’ म्हणाला तर दुसरा काचवाला शोधा.

हे सगळं मेमधलं काम, तेही सकाळी, टप तापायच्या आत. जुलैत गळती सापडली तर माझा नियम मीच मोडेन: दिवसभर उघडीप मिळाली की जागा पुसून-सुकवून फॉइलची ब्युटाइल टेप वरून चिकटवा आणि दिवाळीनंतर खोला.

छताचं प्लाय लगेच बंद करू नका. आत उष्णता अडवायला भरलेली ग्लासवूल भिजली असेल तर काढून टाका, ती बंद जागेत सुकत नाही. प्लाय चार स्क्रूंवर तात्पुरतं टांगा आणि ताम्हिणीत एक रात्र काढून या. पुण्यातल्या सरींना ही गाडी फसवू शकते, घाटातल्या पावसाला नाही.