१०५० टीआय ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली ११,८०० रुपयांना गंडलो, आणि मीटर समोर ओरडत होता

कंपनीत बावीस वर्षं पॅनल तपासतोय. कोणती मोटर किती अँपिअर खाते ते नुसत्या आवाजावरून सांगतो, अशी माझी ख्याती. म्हणून हे लिहायला लाज वाटते. पण गप्प बसलो तर तो माणूस आणखी चार जणांना कापेल.

गोष्ट २०२१ ची. नवीन ग्राफिक्स कार्ड मिळत नव्हतं, मिळालं तर दाम दुप्पट. मुलाला गेम आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी हवं होतं. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, १३,५०० रुपयांना दिसलं. घासाघीस करून ११,८०० ठरले. २,००० यूपीआयने टोकन, ९,८०० घरी जाऊन रोख. रोख का दिले? "काका, लिमिट संपलंय" म्हणाला म्हणून. बस्स, एवढंच कारण.

घर नीट होतं, आईने चहा दिला. त्याने पीसी चालू करून दाखवला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ठळक अक्षरांत जीटीएक्स १०५० टीआय. माणूस अजून काय तपासणार? कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, खोटं नाव भरता येतं हे ऐकून होतो, पण ते परदेशी साइटवरच्या स्वस्त मालाचं असतं, कल्याणच्या फ्लॅटमध्ये चहा पिताना नाही, अशी समजूत.

कार्डाला सहा पिनांची केबल लावलेली होती. १०५० टीआय ७५ वॉटचं, आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉट तेवढे वॉट स्वतःच देतो. बहुतेक १०५० टीआयना वेगळी केबल लागतच नाही. मी विचारलंही. तो म्हणाला, "ओव्हरक्लॉकिंगवालं मॉडेल आहे काका." जास्त वेगाने चालवायच्या काही मॉडेलना ती केबल असते हे खरं आहे, म्हणून पटलं. आता कार्डावरच्या निळ्या व्हीजीए पोर्टचं ऐका, जुन्या मॉनिटरची केबल लागते तो. तो पाहून मला आनंद झाला! घरचा मॉनिटर जुना, कन्व्हर्टरचे पैसे वाचले म्हणून. १०५० टीआयच्या पिढीत अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही, आणि व्हीजीएला तेच लागतं, म्हणून तो निळा पोर्ट तिथे सहसा नसतोच. ज्या गोष्टीने पळून जायला हवं होतं तिच्यावर मी खूश होतो.

निघताना म्हणतो, "ड्रायव्हर अपडेट करू नका, हाच स्टेबल आहे." नव्या ड्रायव्हरने खोटं नाव उघडं पडू शकतं, म्हणून असं कोणी सांगितलं की पैसे खिशात परत टाका.

घरी आल्यावर खरी चूक केली, आणि तीच रात्री झोपू देत नाही. माझ्याकडे भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॉट मीटर आहे, ९५० रुपयांचा. पीसी त्यावर लावला, मुलाने गेम सुरू केला. आकडा २०४ ते २०८. हिशेब मला येतो: कार्ड ७५, बाकी सगळं मिळून ५० धरा, जुन्या एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणारा डबा) कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे भिंतीवर १५५ च्या आसपास. ५० वॉट जास्त! कंपनीत असं रीडिंग आलं असतं तर पॅनल उघडलं असतं. इथे मी काय म्हणालो? "एसएमपीएस म्हातारा झालाय." मुलगा म्हणत होता गेम अडकतोय, तर त्यालाच सेटिंग कमी करायला लावलं.

आठ दिवसांनी जीपीयू-झेड हा कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवला. नावाआधी कंसात "फेक". आत जीएफ ११६ चिप, म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. गणितं करणाऱ्या ७६८ कोरऐवजी १९२, आणि वीज ११६ वॉट. ११६ अधिक बाकीचे ५०, भागिले ०.८, म्हणजे भिंतीवर २०७; मीटरवरचे जादा ५० वॉट जुळले. हा प्रोग्राम फुकट आहे, पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि विकणाऱ्यासमोर चालवा. त्याने तोंड वाकडं केलं तर उठा.

विकणाऱ्याचा फोन बंद. पोलिस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्तात", दुसऱ्या दिवशी "हा दिवाणी वाद, कोर्टात जा". म्हटलं, चारशेवीस आहे. तर, "२,००० चा पुरावा आहे, ९,८०० चा कुठे?" सायबरवाल्यांनी सांगितलं, प्रत्यक्ष भेटून पैसे दिले म्हणजे सायबर नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, ऑनलाइन जाहिरात, सायबरकडे जा. ग्राहक मंचाकडे विचारलं तर विकणारा व्यापारी नाही, म्हणजे मी ग्राहक नाही. तीन अर्ध्या रजा गेल्या. शेवटी एका हवालदाराला मी मीटरचा फोटो दाखवत २०८ आणि १५५ समजावत बसलो. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जास्त वीज खातंय म्हणजे जास्त ताकदीचं ना? मग तक्रार काय?"

आणि हो, कार्डाच्या केबलमधला करंट तपासणार असाल तर डीसी मोजणारा क्लॅम्प (तारेभोवती अडकवायचा मीटर) घ्या, साधा एसी क्लॅम्प शून्यच दाखवतो. दुकानदाराने या कार्डाचे ६०० देऊ केले, दिलं नाही.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने, १२,५०० रुपयांना. फोटोत तो निळा पोर्ट स्पष्ट दिसतोय.