समोरच्याचा इन्शुरन्सच नसेल तर? थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह

घोडबंदर रोडला मागून टेम्पोने ठोकलं आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर त्याच्या गाडीचा नंबर टाकला तर त्याचा इन्शुरन्स कधीच संपलेला, माझ्या भावाबरोबर हेच झालं म्हणून कळकळीने लिहितोय.

अमेरिकेत विमा नसलेल्या ड्रायव्हरसाठी वेगळं कव्हर मिळतं, आपल्याकडे मुख्य चॉईस दोनच. नुसता थर्ड पार्टी १९८८च्या मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टप्रमाणे सक्तीचा आहे, स्वस्तही पडतो, पण तो तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो, तुमच्या गाडीच्या डिकीला एक रुपया नाही. मग टेम्पोवाल्याच्या मागे लागा, नाहीतर अपघात दावा न्यायाधिकरणात तारखा, आणि निकाल लागला तरी त्याच्याकडे पैसेच नसले तर वसूल काय करणार? पकडला गेला तर त्याला पहिल्यांदा २००० दंड, पण तो सरकारजमा, तुम्हाला नाही.

कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) असतं त्यामुळे चूक कोणाची यावर अडत नाही, गाडी कॅशलेस गॅरेजला टाका, पुढे त्याच्याकडून वसुली करायची की नाही ते कंपनी बघेल. हां, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो (५० टक्क्यांपर्यंत साचलेला असू शकतो, जीवावर येतं), म्हणून छोट्या ओरखड्याला क्लेम करू नका. झीरो डेप (पार्ट जुना झाला म्हणून पैसे न कापण्याचं जास्तीचं कव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिक पार्टचे निम्मे पैसे आपलेच.

गाडी १२-१५ वर्षं जुनी असेल तर थर्ड पार्टी ठीक, पण १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर सोडू नका. नवी गाडी आणि रोज ठाणे-बेलापूर रोड असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या.