वाचनालयाचे शनिवार: अकरा महिन्यांनंतर

गेल्या आषाढात सभासद झालो तो पुस्तकांसाठी. अनामत ५०० रुपये, महिन्याची वर्गणी ६०, एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. पावती फाडता फाडता ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "महिन्यातले दोन शनिवार वरच्या मजल्यावर कार्यक्रम असतो. एकदा लेखक, एकदा गाणं. सभासदांना फुकट. फक्त वेळेवर येऊ नका, अर्धा तास उशिराच सुरू होतं." तेव्हा मी हसलो होतो.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं वाचनालय. नाव मुद्दामच लिहीत नाही; समितीतले निम्मे लोक सकाळी चहाच्या टपरीवर भेटतात. वरचा हॉल म्हणजे एरवी अभ्यासिका. त्या दिवशी बाकं भिंतीला लागतात, मध्ये सतरंजी पसरतात आणि मागे वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. दाटीवाटीनं साठ माणसं बसतात. व्यासपीठ नाही. अकरा महिने जाऊन माझं मत असं झालंय की या जागेचं सगळं सुख त्या व्यासपीठ नसण्यात आहे, आणि समितीला नेमकी त्याचीच लाज वाटते.

पहिला कार्यक्रम श्रावणातला. मुसळधार पाऊस, आम्ही मोजून चौदा जण. ऊसतोड मजुरांवर कादंबरी लिहिलेले लेखक आले होते. चौदा डोकी बघून त्यांनी माईक बाजूला सारला आणि सरळ सतरंजीवर मांडी घातली. पिशवीतून निघाली एक लांबट, किराणा दुकानात असते तसली वही. टोळ्यांबरोबर हिंडताना टिपलेले शब्द तिच्यात होते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम 'उचल', जनावरांसाठी विकायचा उसाचा हिरवा शेंडा म्हणजे 'वाढं'. वही हातोहात फिरली. काही पानांवर चहाचे डाग, एका पानावर कुणा पोरानं काढलेला बैल.

मग मागच्या खुर्चीवरून एक आजोबा म्हणाले, "साहेब, तुमच्या तिसऱ्या प्रकरणात आषाढी एकादशीला तोड चाललीय. कारखाना तेव्हा बंद असतोय की. गळीत दिवाळीच्या आगंमागं सुरू होतंय." लेखक क्षणभर गप्प. मग त्यांनी आजोबांकडून पुस्तक घेतलं, ते पान काढलं, वाचलं आणि पेनानं समासात खूण केली. "पुढच्या आवृत्तीत तुमची एकादशी सोडवतो," म्हणाले. मोठ्या सभागृहात आजोबा उठले असते का, आणि उठले असते तरी माईक त्यांच्यापर्यंत पोचला असता का, शंकाच आहे.

आता गाणं. तानपुरा अर्थातच मिरजेचा. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या पंचक्रोशीत त्याआधीही दुसरीकडचा तानपुरा कुणी आणत नसे. पौषातल्या कार्यक्रमाला मी सतरंज्या घालायला लवकर गेलो होतो. पत्रिकेवर वेळ साडेपाचची. गायिका पाचलाच येऊन तानपुरा लावत बसल्या होत्या. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा नखानं इतका हळू सरकवत होत्या की दोरा हलल्याचं दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. तार एकदम बोलायला लागायची. पहिली तार एरवी पंचमात, म्हणजे 'प'वर, लावतात; त्यांनी ती निषादात, 'नी'वर, लावली. का, म्हणून विचारलं तर बरोबरची विद्यार्थिनी म्हणाली, "मारवा गायचाय. त्यात पंचमच नाही ना." मारवा म्हणजे सूर्य बुडतानाचा राग. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला. जमून आलं होतं.

आणि मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, देणगीदारांचा सत्कार, अध्यक्षीय मनोगत. मनोगतात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून सुरुवात झाली तेव्हाच मी घड्याळ बघायचं सोडलं. गायिका बसल्या ती सात वाजून दहा मिनिटांनी. खिडकीत मिट्ट काळोख. त्यांनी एकदा तिकडे बघितलं, काही न बोलता खुंटी सैल करून पहिली तार निषादावरून पंचमावर उतरवली आणि भूप हा रात्रीचा राग गायल्या. भूपात निषाद औषधालाही नाही. गाणं उत्तमच झालं, पंखे बंद करायला लावले होते त्यामुळे तानपुरा शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ येत होता. पण आमचा मारवा भाषणांनी खाल्ला तो खाल्लाच.

अभिप्राय वहीत मी हे सगळं, जरा तिखटच, लिहून आलो. दोन महिन्यांनी सत्कार मध्यंतरात गेले. प्रास्ताविक अजून जागेवर आहे.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मात्र मंगल कार्यालयात केला. मोठा फलक, भाड्याचे स्पीकर, कुई करणारा माईक, प्रत्येक कवीला तीन मिनिटं. मी जेवून परत आलो.

एक तक्रार पुस्तकांबद्दल. लेखक बोलून गेले की सोमवारी त्यांच्या पुस्तकावर झुंबड उडते आणि वाचनालयात प्रत असते एक. ऊसतोडीची ती कादंबरी माझ्या हातात पडली दिवाळी अंक येऊन शिळे झाल्यावर. पाहुणे भेट देतात ती सही केलेली प्रत तर संदर्भ विभागाच्या कपाटात कुलूपबंद होते. निमंत्रण दोन महिने आधी जातं ना? मग त्याच दिवशी तीन प्रती मागवायला काय हरकत आहे? हार-तुऱ्यांच्या खर्चात सहज बसतील. जिनाही उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करावा. दोघं-तिघं पोरं हात धरून वर नेतात, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या वर्षाची वर्गणी एकरकमी भरली. नव्यानं येणार असाल तर गाण्याच्या दिवशी डावीकडे खिडकीजवळ बसा, तिथून तबलजीचा हात दिसतो. पावसाळ्यात हवा दमट असली की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडून स्वर उतरतो आणि दर दोन बंदिशींमागे हातोडी निघते. तेवढ्यात खालून चहा येतो. या शनिवारी बासरी आहे. फळ्यावर वेळ सहाची लिहिलीय, मी पावणेसातला निघणार.