'सोलिंगनचा वस्तरा' ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा

वस्तऱ्याने दाढी शिकायची म्हणून मी सोशल मीडियावरच्या एका पेजवरून वस्तरा मागवला. 'जर्मन सोलिंगन, डमास्कस, शेव्ह रेडी' असं लिहिलेलं, म्हणजे जर्मनीतल्या सोलिंगन शहरातला, थरांच्या नक्षीदार पोलादाचा आणि धार लावून लगेच दाढीला तयार, ३८०० रुपये, पैसे आधी यूपीआयने. लाकडी डबी, पात्यावर लाटांची नक्षी, दिसायला एक नंबर.

दाढी मात्र भयंकर. केस कापायच्या ऐवजी ओढायचा, मान लालभडक, गळ्यावर पुरळ, शर्टाची कॉलर लागली तरी चुरचुरायचं. मेसेज केला तर उत्तर तयारच, "सर तुमचा अँगल चुकतोय, स्किन सेन्सिटिव्ह आहे तुमची," आणि वर १२०० चं 'बिगिनर किट' माथी मारलं, त्यात पट्टा (दाढीआधी वस्तरा ज्यावर फिरवतात ती चामड्याची पट्टी) म्हणून रेक्झिनची पट्टी आणि एक बाम. अहो, गरम पाण्याने केस मऊ करून, कातडी ताणून, साधारण ३० अंशांचा कोन ठेवून, हलक्या हाताने केसांच्या दिशेनेच फिरवत होतो, तरी आग व्हायची ती व्हायचीच.

शेवटी गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना दाखवला. ते स्वतः आता अर्धं ब्लेड घालायचाच वापरतात पण त्यांचे वडील दगडावर धार लावायचे, त्यामुळे नजर आहे. त्यांनी पातं काउंटरच्या काचेवर आडवं ठेवलं आणि टोकाला बोटाने दाबलं तर टकटक वाजायला लागलं. पाठ (पात्याची धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही काचेला सपाट टेकायला पाहिजेत, कारण धार लावताना पाठ दगडावर टेकते आणि त्यावरच कोन ठरतो, पातंच वाकडं असेल तर धार कुठे लागते कुठे लागतच नाही. आणि नक्षी? दोन्ही बाजूंना छापल्यासारखी, पाठीवर काहीच नाही. खऱ्या डमास्कसमध्ये थर पोलादातच असतात, रेषा पाठीवरून पलीकडे उतरतात. काका म्हणाले, "दादा, पोलाद मऊ आहे, धार धरणार नाही. तुमच्या हाताला दोष देऊ नका."

मग वडिलांचा जुना वस्तरा डेटॉलने पुसून, पट्ट्यावर फिरवून माझ्या गालावर चालवला. केस कापल्याचा बारीक आवाज येत होता आणि जळजळ अजिबात नाही.

सोलिंगन या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, मुख्य काम तिथेच झालेलं असावं लागतं. माझ्या वस्तऱ्यावर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

परत घ्या म्हटलं तर "हायजिन प्रॉडक्ट परत होत नाही," आणि ब्लॉक. तेव्हा घेण्याआधी काचेवर ठेवलेला व्हिडिओ मागा, पाठीचा फोटो मागा, धार कोणी आणि कुठल्या ग्रिटपर्यंत (म्हणजे किती बारीक दगडापर्यंत) लावली ते विचारा. टाळाटाळ केली तर पैसे पाठवूच नका. ज्यांचे आधीच गेलेत त्यांनी चॅटचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, मी केलीये.