झाडांचे विद्युत संकेत टिपणारा संच: लाजाळूवर झकास, टोमॅटोवर मर्यादित

साताऱ्याजवळ अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेसाठी हा संच मागवला: छोटा ॲम्प्लिफायर, चांदीची तार, जेल आणि मातीत खुपसायची पिन. आलेख मोबाइलवर दिसतो.

लाजाळूच्या देठाला तार गुंडाळायची, जेलचा थेंब लावायचा, पिन ओल्या मातीत. पेन्सिलीने टोकाच्या पर्णिकांना टिचकी मारली की त्या जोडीजोडीने मिटत येतात. संकेत देठाशी पोचला की स्क्रीनवरची रेघ उसळते, काही सेकंदांत खाली बसते आणि अख्खं पान मान टाकतं. मुलं अक्षरशः ओरडली! जगदीशचंद्र बोस यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच झाडाचे विद्युत संकेत मोजले, हे सांगायला याहून चांगली वेळ कोणती?

टोमॅटोच्या पानाचं टोक काडीने पोळवलं तेव्हा संथ, पसरट लाट आली. तहानलेलं रोप मात्र यावर ओळखता येत नाही. ऊन, तापमान, पाणी या सगळ्यांनीच विद्युतदाब हळूहळू सरकतो. ताण ओळखायचा तर सतत नोंद हवी, तुलनेला निरोगी रोपं हवीत. स्वित्झर्लंडची व्हिवेंट कंपनी हरितगृहांत असं काम करते, पण ती यंत्रणाच वेगळी. म्हणून विक्रेत्याच्या जाहिरातीतलं ‘पिकाचं आरोग्य कळेल’ हे वाक्य मला खटकतं. त्या भरवशावर एखादा शेतकरी पैसे घालेल.

शाळा-कॉलेजांनी जरूर घ्यावा. फोन चार्जिंगला लावून ठेवू नका, घरातल्या विजेची 50 हर्ट्‌झची घरघर आलेखात घुसते. जेल लवकर सुकतं, जास्तीचं मागवा.