जुनं खिशातलं पिस्तूल: पंचवीस ठेवावं, बत्तीस घ्यावं की नवं रिव्हॉल्व्हर?

सातारा-सांगली पट्ट्यात जुनं पिस्तूल हौसेनं विकत घेणारे कमी, वारशानं पदरात पडलेले जास्त. आपशिंगे मिलिटरीसारखी फौजी गावं आणि मिरज, सांगली, जत, औंध ही जुनी संस्थानं, यांमुळे वेब्ली, कोल्ट, ब्राउनिंग ही नावं इकडच्या जुन्या घरांना परकी नाहीत. परवानाधारक आजोबा गेले की मुला-नातवांपुढे तीन वाटा असतात. घरातलं पंचवीस बोअरचं (म्हणजे .२५ इंच गोळीचं) छोटं पिस्तूल नावावर करून घ्यायचं, ते देऊन जुनंच पण बत्तीस बोअरचं घ्यायचं, किंवा जुन्याचा नाद सोडून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं रिव्हॉल्व्हर आणायचं.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या पिस्तुलाचा सौदा नावावर आणि चकाकीवर करू नये. गोळी मिळते का, मॅगझिन (गोळ्या भरायची सुटी डबी) मिळतं का आणि स्प्रिंगमध्ये जीव आहे का, हे तीन प्रश्न आधी. या तिन्हींत बत्तीस पंचवीसच्या पुढे आहे. आणि निव्वळ संरक्षणासाठी हत्यार हवं असेल, तर नवं रिव्हॉल्व्हर दोन्ही जुन्यांपेक्षा शहाणपणाचं.

किमतीबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी लोकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंदच आहे. त्यामुळे जी परदेशी पिस्तुलं देशात फिरतात ती बहुतेक जुनीच, हातोहात आलेली. भाव लाखांत जातो तो या टंचाईमुळे. ऐंशी वर्षांची झिजलेली नळीसुद्धा त्याच भावात गळ्यात मारली जाते.

पंचवीस बोअर

यातलं सगळ्यात ओळखीचं कोल्टचं १९०८ चं व्हेस्ट पॉकेट. आराखडा जॉन ब्राउनिंगचा, उत्पादन १९४८ पर्यंत. मॅगझिनमध्ये ६ गोळ्या, वजन साधारण ३७० ग्रॅम. १९३१ च्या सुमारास आलेलं बेल्जियमचं बेबी ब्राउनिंग त्याहून हलकं. तळहातात झाकून जाईल अशी ही वस्तू आणि कारागिरी अशी की हातात घेतली की खाली ठेवाविशी वाटत नाही. वारशात आलं असेल तर या ओढीला मी नावं ठेवणार नाही.

वापराच्या बाजूनं मात्र ते फार लंगडं आहे. गोळीचं शिसं ५० ग्रेनचं, म्हणजे सव्वातीन ग्रॅमही भरत नाही, आणि तिची ऊर्जा बत्तीसच्या निम्म्याच्या आसपास. नळी दोन इंचांची, नळीच्या टोकावरची माशी नखाएवढी, त्यामुळे नेम धरणं अवघड. काडतुसांचं तर विचारूच नका. निर्णय घेण्याआधी आपल्या परवान्यावर जिथून काडतुसं घेता येतात त्या दुकानात जाऊन .२५ शिल्लक आहे का, कोणत्या सालचं आहे आणि काय भावानं, हे स्वतः विचारून या. परदेशी जुना साठा असेल तर दर ऐकूनच सरावाचा विचार बाजूला पडतो, आणि ज्या हत्यारावर सराव करता येत नाही ते संरक्षणाचं हत्यार मानू नये.

यांचे सुटे भागही नाजूक. चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतून, ती ओढून काढणारा बारीक आकडा आणि काडतुसावर टोला देणारी फायरिंग पिन हे दोन तुकडे आधी जातात. म्हणून रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून टकटक वाजवण्याची सवय मुलांना तर नाहीच, मोठ्यांनीही लावून घेऊ नये.

बत्तीस बोअर

इथे निवड खरी रंगते, कारण चार-पाच चांगली घराणी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

कोल्टचं १९०३ चं पॉकेट हॅमरलेस १९४५ पर्यंत बनत होतं. ८ गोळ्या, वजन ६८० ग्रॅमच्या आसपास. नावात हॅमरलेस असलं तरी घोडा आहेच, तो स्लाइडच्या, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आत लपलेला. खिशात अडकत नाही हा फायदा, पण घोडा चढलेला आहे की उतरलेला हे बाहेरून कळत नाही. वेब्ली अँड स्कॉटच्या .३२ चा घोडा उघडा, लांबूनही दिसतो. लंडनच्या महानगर पोलिसांनी १९११ मध्ये घेतलेलं पिस्तूल हेच. दिसायला ते चौकोनी, जरा बेंगरूळ. कोल्टशेजारी ठेवलं तर कुणीही कोल्टच उचलेल. घरात ठेवण्यासाठी मी तरी वेब्लीला झुकतं माप देईन, कारण पिस्तुलाची अवस्था डोळ्यांना दिसते.

वेब्लीची मेख तिच्या स्प्रिंगमध्ये आहे. बाकीच्यांना गोल गुंडाळीची स्प्रिंग असते. वेब्लीत मुठीवरची उजव्या बाजूची ग्रिप काढली की आत चिमट्यासारखी दुमडलेली एक चपटी स्प्रिंग बसवलेली दिसते, आणि स्लाइड परत पुढे ढकलायचं काम तीच करते. ती मोडली तर बाजारात दुसरी सहज मिळत नाही. वरची ग्रिप जुन्या व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची. वयानं ठिसूळ झालेली असते आणि स्क्रू जास्त आवळला की कोपऱ्यातून तडकते. विकत घेताना ती ग्रिप जाणकाराकडून उघडून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९१० चं ब्राउनिंग आटोपशीर, ७ गोळ्यांचं, आणि त्याची स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली. खोलताना पुढची टोपी सुटली तर ती आणि स्प्रिंग दोन्ही खोलीभर शोधत बसावं लागतं. वॉल्थरचं पीपी १९२९ चं, म्हणजे या सगळ्यांत आधुनिक. पहिली गोळी नुसता चाप ओढून झाडता येते, चढलेला घोडा सुरक्षित उतरवायची सोय आहे, आणि चेंबरमध्ये गोळी असली की मागून बाहेर येणारी बारीक पिन बहुतेक पीपींना असते. पण त्याच्या नावाचेच पैसे इतके लागतात की मी ते सुचवायला कचरतो.

या सगळ्या बत्तीस पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना कुलूप नसतं. गोळी सुटताना मागे येणाऱ्या स्लाइडला रोखतं ते फक्त तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग. स्प्रिंग मेलेली असेल तर प्रत्येक गोळीला स्लाइड चौकटीवर आदळते आणि कधीतरी तडा जातो. जुन्या पिस्तुलात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच.

गोळीचं म्हणाल तर बत्तीसचं काडतूस देशी आयुध निर्माणीचं मिळतं, हाच त्याचा मोठा आधार. फक्त एक घोळ टाळा. लोक सरसकट बत्तीस म्हणतात, पण पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे .३२ एसीपी किंवा ७.६५ मिलिमीटर, आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. दुसरं लांब आणि मोठ्या कडेचं, ते पिस्तुलात जातच नाही. उलट पिस्तुलाची गोळी पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत बसते, आणि धोका तिथेच आहे, कारण तिचा दाब जास्त. बसते म्हणून झाडायची नाही. डबीवरचं पूर्ण नाव वाचूनच घ्या.

नवं रिव्हॉल्व्हर

कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर ६ गोळ्यांचं, वेब्लीच्या धर्तीवर नळी खाली मोडून उघडणारं. तिथलंच २०१४ चं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास. चाप जड आहे, देखणेपणा नाही, संग्राहक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण मॅगझिनची भानगड नाही, उघडलं की आत काय आहे ते सगळं समोर, कारखाना चालू आहे आणि गोळी देशी. सांगलीत सराफी पेढी सांभाळणाऱ्यानं किंवा पाटणकडे आडरानात एकट्या वस्तीवर राहणाऱ्यानं मला विचारलं तर मी याच्याशिवाय दुसरं नाव घेणार नाही.

पाऊस, धूळ आणि पूर

जुनं पोलाद ठेवायला आपले दोन जिल्हे म्हणजे दोन टोकं आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या. तिथे आठवड्याला एकदा पुसून तेलाचा पातळ हात द्यावाच लागतो. माण, आटपाडी, जतकडे गंजाची भीती कमी, पण तेल जास्त झालं की त्यावर धूळ बसते आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं भाग घासत राहतं. तिकडे तेल इतकंच, की बोट फिरवलं तर चमक दिसावी, ओल लागू नये. तेल गन ऑइल किंवा शिलाई मशीनचं. खोबरेल अजिबात नको. साताऱ्याच्या थंडीत ते गोठतं आणि चिकट होऊन बसतं.

आजोबांचं चामडी पाकीट कितीही प्रिय असलं तरी पिस्तूल त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि पाकिटाच्या शिवणीच्या रेषेत पोलादावर गंज उमटलेला दिसतो. पितळी काडतुसांवर हिरवा थर येतो तोही चामडी पट्ट्यातच. सुती कापड, सिलिका जेलची पुडी आणि कुलपाची लोखंडी पेटी पुरे. काडतुसं वेगळ्या कुलपात. जुन्या साठ्यातली काडतुसं झाडली असतील तर त्यांच्या बुडाशी असलेल्या टोपीतल्या रसायनाचं मीठ नळीत उरतं आणि ते तेलानं जात नाही. सुटी केलेली नळी गरम पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, मग तेल.

गंजाचे ठिपके दिसले म्हणून पॉलिश पेपर मारू नका आणि नव्यानं काळा मुलामा चढवू नका. मूळ मुलामा गेला की संग्रहाची किंमत गेली. आणि मोडलेला भाग कितीही ओळखीचा लेथवाला असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. दुरुस्तीलासुद्धा शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.

साफ करायच्या आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बघा. हाच क्रम. उलट केलं तर मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाते, आणि मॅगझिन काढून ठेवलेलं पिस्तूल रिकामं समजून माणूस चाप ओढतो.

सांगली, मिरज, कराड या कृष्णाकाठच्या घरांसाठी अजून एक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि इशारा पातळी ४० फूट आहे. तळमजल्यावरच्या तिजोरीत पिस्तूल असेल तर पावसाळाभर ते परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर जमा ठेवणं बरं.

कागद

जुनं आहे म्हणून परवाना नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य हत्याराला. वर सांगितलेली सगळी पिस्तुलं चालतात, किंवा दुरुस्तीनं चालू होतात.

परवानाधारक वारला तर पिस्तूल उगाच घरात ठेवायचं नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यायची, मग जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज. आजोबा हयात असतील तर काम सोपं: २०१६ च्या नियमांप्रमाणे ७० वर्षं वय झालेला, किंवा २५ वर्षं हत्यार बाळगलेला परवानाधारक आपल्या हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव देऊ शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली, वारशाची धरूनही. ऊस-मक्याच्या राखणीला बारा बोअर आधीच असेल तर हे पिस्तूल तुमची दुसरी आणि शेवटची जागा अडवतं. त्या जागेवर न चालवता येणारं पंचवीस ठेवायचं का, हे घरात बसून नीट ठरवा. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे. वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विकायचं ठरलं तर घेणाऱ्याचा परवाना त्या बोअरला चालतो का ते तपासा, जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि ४५ दिवस पूर्ण झाल्यावरच पिस्तूल हातावेगळं करा. मूळ मॅगझिन, डबी आणि जुनी पावती जपलेली असेल तर ती सोबत द्या. कोल्ट आणि वेब्लीत मूळ मॅगझिन असण्या-नसण्यानं भाव बराच हलतो.