शटरवाला की रिमोटवाला? पहिला जुना कलर टीव्ही घेताना

जुने कलर टीव्ही जमवायच्या नादाला लागलेला माणूस बहुतेक वेळा दोन टीव्हींसमोर येऊन अडतो. एक ऐंशीच्या दशकातला, लाकडी कॅबिनेटचा, पुढे शटर ओढून कुलूप लावायचा. अपट्रॉन, वेस्टन, डायनोरा, ईसी असलं काहीतरी नाव असलेला. दुसरा नव्वदच्या अखेरीचा, काळ्या प्लॅस्टिकचा, रिमोटवर चालणारा एकवीस इंची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर दोन्ही आहेत. दोन्ही मी स्वतः उघडलेत, दोन्हींवर पावसाळे काढलेत. त्या भरवशावर चार गोष्टी सांगतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य आहे.

रिमोटवाल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. मागे पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिना असतात. फ्री डिशचा बॉक्स किंवा डीव्हीडी जोडली की चित्र हजर. पॉवर सप्लाय असा की संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी चित्र आकसत नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एलओटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, थोडी शोधाशोध केली की मिळतात. टीव्ही स्वतः तर जवळपास फुकटच. मला माझा लक्ष्मीपुरीत एका भंगारवाल्याने तीनशे रुपयांत दिला, आणि घरी आणून लावला तर लगेच सुरू झाला. फक्त बघायला टीव्ही हवा असेल, जुने व्हिडिओ गेम खेळायचे असतील, तर हाच घ्या.

शटरवाल्याला हे सुख नाही. बहुतेकांना मागे अँटेनाची एकच पिन असते. दूरदर्शन अँटेनावर येण्याचे दिवस गेले, त्यामुळे मध्ये मॉड्युलेटर, म्हणजे एव्हीचं चित्र आणि आवाज अँटेनाच्या चॅनेलवर बसवून देणारा छोटा बॉक्स, लावावाच लागतो. तो घेताना आवाजाचा वाहक ५.५ मेगाहर्ट्झचा आहे ना, ते विचारा. बाजारात दुसऱ्या देशांच्या पद्धतीचेही मिळतात, त्यांवर चित्र येतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. एचडीएमआयवरून एव्ही काढायची छोटी डबी वापरणार असाल तर तिच्यावरचं बटण पालवर, म्हणजे आपल्याकडच्या रंगीत चित्राच्या पद्धतीवर, ठेवा. माझी डबी एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या पद्धतीवर, राहिली होती. चित्र काळं-पांढरं आणि वर सरकत जाणारं, आणि मी दोन दिवस कलरचा सेक्शन तपासत बसलो होतो. मॉड्युलेटर टाळून आत थेट एव्ही पिना बसवायचा मोह होतो. पण या काळातल्या बऱ्याच किटांची, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डांची, चासी थेट मेन्सला जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तिथे हात घालू नका, पिना तर नाहीच नाही.

चित्राचं मोजमाप मी केलेलं नाही, डोळ्यांनी बघून सांगतोय. रिमोटवाल्याचं चित्र जास्त धारदार, यात वाद नाही. शटरवाल्याचे रंग मला जास्त मुरलेले वाटतात. १९८६ चा मेक्सिको वर्ल्ड कप आम्ही तालमीत असल्याच टीव्हीवर बघितला. फायनल आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाली. अर्जेंटिनाच्या आकाशी पट्ट्या आणि जर्मनीचा हिरवा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा या माझ्या मताला आठवणीचा रंग लागला असेल, तेवढं वजा करून घ्या.

आता ज्या गोष्टीवर माझं मत फिरलं ती सांगतो.

एका जुलैत, पाऊस झोडपत असताना, रात्री लाईट चार-पाच वेळा गेली आणि आली. रिमोटवाला पुन्हा सुरू केला तर चित्र खालून दोन बोटं आकसलेलं आणि सगळ्यांचे चेहरे निळसर. ट्यूब चांगली होती, सप्लाय बरोबर होता, ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड, कुठे नव्हता. पेठेतले जुने टीव्ही मेकॅनिक, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांच्याकडे किट घेऊन गेलो. त्यांनी किट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "पोरा, फिरवू कशाला? हितं प्रीसेटच न्हाई."

प्रीसेट म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा कंट्रोल. तो खरंच नव्हता. चित्राची उंची, रुंदी, तिन्ही रंगांचा तोल, सगळं एका आठ पायांच्या मेमरी आयसीत आकड्यांच्या रूपात लिहिलेलं. ते आकडे बदलायला सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या छुप्या मेनूत, जावं लागतं, आणि त्याचा रस्ता प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा. दीडशे रुपयांच्या रिमोटने आवाज वाढतो, पण या दारातून आत जाता येत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर ते मॉडेल कधीच बंद झालंय म्हणाले. बाजारातून कोरी मेमरी आणून बसवली. काही किटं कोरी आयसी दिसली की आपले मूळ आकडे तिच्यात भरून घेतात, माझं लाल दिवा लावून गप्प बसलं. शेवटी दोन महिन्यांनी तसलंच किट असलेला दुसरा टीव्ही भंगारात सापडला. त्याची आयसी काढून माझ्यात लावली. चित्र आलं, चेहरे माणसांसारखे झाले, पण उजवी कड कापलेली. कारण ते आकडे त्या दुसऱ्या ट्यूबसाठी आणि तिच्या मानेवरच्या कॉइलसाठी, म्हणजे योकसाठी, कारखान्यात लावलेले होते. आजही क्रिकेटचा स्कोअर उजव्या कोपऱ्यात असला की शेवटचा आकडा दिसत नाही.

काकांनी "चायना किट टाकून देतो", म्हणजे आतलं सगळं सर्किट काढून बाजारातलं तयार बसवतो, म्हणून सांगितलं होतं, आणि वापरायच्या टीव्हीला तो सल्ला योग्यच आहे. पण जमवायचा म्हणून आणलेल्या टीव्हीचं किटच बदललं तर मग आपण काय जमवलं?

त्याच पावसाळ्यात शटरवालाही बिघडला. चेहऱ्यांवर आडव्या बारीक पट्ट्या, खिडकीच्या व्हेनेशियन पडद्यासारख्या. पाल पद्धतीत सेट एका ओळीचा रंग ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवतो आणि पुढच्या ओळीच्या रंगाशी जुळवून घेतो. म्हणजे रंगात फरक पडला तरी दोन्ही ओळींत वाटून जातो. ऐंशीच्या सेटांत हे धरून ठेवायचं काम काचेची डिले लाइन करते. किटवर चपटी, बिस्किटासारखी डबी दिसते ती. तिच्या शेजारी एक प्रीसेट आणि एक कॉइल. समोर आरसा ठेवला, प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि प्रीसेट अगदी केसभर फिरवला. पट्ट्या फिकट झाल्या. मग कॉइलचा गाभा पाव फेरा. निवेदिकेच्या गालावरून पट्ट्या विरत गेल्या आणि कातडीचा रंग सपाट, शांत झाला. सगळं मिळून दहा मिनिटं. बिघाड कुठे होता आणि तो कशाने गेला, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

बाकीचंही याच जातीचं. छोट्या खणात चॅनेल लावायच्या आठ चकत्या असतात, प्रत्येकीला व्हीएल, व्हीएच, यू असा खटका. आपल्याकडच्या दमट हवेत जूनपासून त्या चकत्या खराब होतात आणि चॅनेल सरकतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चकती दहा वेळा मागेपुढे केली की बरेचदा भागतं. अर्ध्या तासाने गरम झाल्यावरच सरकत असेल, तर ट्यूनरचा ३३ व्होल्टचा पुरवठा स्थिर ठेवणारी आयसी बदला, स्वस्त असते. माझ्या टीव्हीची आवाजाची घुंडी हरवलेली होती. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला दुसरी दाखवली, त्याने ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून तशीच कातून दिली, आतला चपटा गाळासुद्धा बरोबर. शटरच्या पट्ट्यांमागचं कापड सुतारानं नवीन चिकटवलं.

शटरवाल्यात एक मोठा धोका आहे, तो लपवत नाही. त्याचा मूळ एलओटी गेला तर जुळणारा मिळणं नशिबावर आहे. पावसाळ्यात अंधार करून मागून बघा. जांभळी ठिणगी आणि चिरचिर ट्यूबच्या रबरी टोपीपाशी असेल, तर पुसून, कोरडं करून, सिलिकॉन लावून निभावतं. एलओटीच्या अंगातूनच येत असेल, तर तो सेट सुट्या भागांसाठीच घ्या. टोपीला हात लावायच्या आधी ट्यूब डिस्चार्ज करायची, म्हणजे तिच्यात साठलेली वीज काढून टाकायची, टीव्ही आदल्या दिवशी बंद केलेला असला तरी.

ट्यूब थकलीय का, हे दोन्हींत सारखंच बघायचं. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांनीही चित्र मळकट, आणि पांढरा शर्ट चांदीसारखा चमकून पसरत असेल, तर उमेद कमी. ट्यूबच्या हीटरला जास्त व्होल्टेज द्यायला एलओटीच्या गाभ्यावर वायरचा एखादा जादा वेढा मारायची जुनी युक्ती आहे. असा वेढा दिसला, तर विकणाऱ्याने ट्यूबचं उरलेलं आयुष्य आधीच वापरलंय असं समजा. आणि कोल्हापुरात घेत असाल तर योकच्या तारांत बारीक गाळ आहे का, तेही बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेले सेट बाहेरून पुसून अजून विकायला येतात.

तुम्हाला उघडायची हौस नसेल तर रिमोटवाला घ्या, तो निमूटपणे चालत राहील आणि कदाचित माझ्यासारखा प्रसंग तुमच्यावर कधी येणारही नाही. हौस असेल तर मी शटरवाल्यासाठी थोडं थांबायला सांगेन. बघायला जाताना मॉड्युलेटर आणि टॉर्च सोबत न्या. मागचं झाकण उघडू द्यायला मालक तयार असेल, एलओटीला चीर नसेल आणि त्यावरचा नंबर वाचता येत असेल, तर भावावर फार ओढू नका.